लक्षण सांगा, निदान नको

नगरला सावेडीत ज्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी कॉलेजची तीन वर्षं राहिले, त्या काकांना कुठलीही वस्तू 'बिघडली' म्हटलेलं चालत नसे. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी जिना उतरून खाली आले आणि घाबरत म्हटलं, "काका, वरचा नळ बिघडलाय वाटतं."

काका व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घालून मांडीखाली ठेवली.

"बिघडलाय हे कुणी ठरवलं?"

"मी... म्हणजे मला वाटलं."

"तुला दिसलं काय ते सांग."

"पाणी येत नाही."

"हां. हे लक्षण झालं. नळ बिघडला हे निदान. ग्राहकानं लक्षण सांगायचं, निदान आम्ही करायचं." मग त्यांनी उठून खालचा नळ सोडून पाहिला. त्यालाही पाणी नव्हतं. "आज पाण्याचा वार नाही. तुझा नळ ठणठणीत आहे. उगाच त्याची बदनामी केलीस."

क्षणभर मला वाटलं, आता वर जाऊन नळाची माफी मागावी लागते की काय.

काकांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात तक्रारी घेण्यात आणि बिघाड शोधून काढण्यात गेली होती. घरोघरी तारांचे फोन होते तेव्हाची गोष्ट. लोक फोन करून सांगायचे, खांबावरची तार तुटलीय, माणूस पाठवा. माणूस खांबावर चढायचा, तर तार चांगली असायची आणि घरातल्या रिसीव्हरवर मांजर बसलेलं असायचं. "लोकांना निदान करायची भारी हौस," काका म्हणायचे. "लक्षण विचारलं की मात्र गप्प." शनिशिंगणापूरकडं ड्यूटी असताना त्यांची वेगळीच पंचाईत व्हायची. दाराला कडी असली तर वाजवावी, तिथं घरांना दारंच नाहीत. मग ते अंगणात उभे राहून मोठ्यानं ओरडायचे, "लक्षण काय आहे?" एकदा आतून एका आजीचा आवाज आला, "लक्षान काय सांगू बाबा, सून ऐकत न्हाई."

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात स्वतःचं तक्रार रजिस्टर सुरू केलं होतं. लांबट, लाल पाठीचं. त्यात पट्टीनं आखलेले रकाने: तक्रार नंबर, लक्षण, तपास, कारण, ग्राहकाची सही. मिक्सर, पंखा, शेजारच्यांची इस्त्री, सगळ्यांना नंबर मिळायचा. आणि एक गंमत होती. एरवी ते मला 'तू' म्हणायचे. पण रजिस्टर उघडलं की मी 'तुम्ही' होऊन जायची. रजिस्टर मिटलं की पुन्हा 'तू'. काकूंनाही तोच नियम. काकू एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लिहून घ्या तक्रार. नवरा ऐकत नाही." काकांनी खरंच रजिस्टर घेतलं. "लक्षण सांगा बाई. हाक मारल्यावर प्रतिसाद अजिबात नाही, की उशिरा येतो?" काकू म्हणाल्या, "जेवायला बोलावलं की लगेच येतो. भाजी आणायला सांगितलं की येत नाही." काकांनी लिहिलं, 'बिघाड अधूनमधून.' आणि मला म्हणाले, "अधूनमधूनचा बिघाड सगळ्यात वाईट. तपासायला गेलं की चालू होतो."

त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे काट्याचं जुनं मीटर. व्होल्ट वगैरे मोजायचं. काकूंनी त्याला लोकरीचं मरून कव्हर विणून दिलं होतं, थंडीत बाळाला असतं तसं. ते मीटर उचललं की आत काहीतरी खुळखुळ वाजायचं. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, मीटरमध्ये काहीतरी सुटलंय का?" काका म्हणाले, "खुळखुळतंय हे लक्षण. सुटलंय हे निदान. आणि ते माझं मीटर आहे, तू ग्राहक नाहीस." विषय संपला.

एवढं सगळं सांगितल्यावर आता कॅमेऱ्याकडं येते. ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. कारण त्यात चूक माझी होती.

कॅमेरा माझ्या मामांचा. माझे आई-अप्पा ऊसतोडीला जातात. म्हणून लहानपणापासून शाळेसाठी मी पाथर्डीकडच्या गावात मामांकडं राहिले. मामांचा तिथं छोटा फोटो स्टुडिओ आहे. त्यांनी सुरुवात केली ती एका जुन्या, रोल घालायच्या जपानी कॅमेऱ्यावर. आता स्टुडिओत डिजिटल कॅमेरा आहे, पण त्या जुन्याला अजून एक काम असतं, वर्षातून एकदा.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. पाटावर आई-अप्पांचे दोन कोयते आणि त्यांच्याशेजारी मामांचा कॅमेरा. त्या दिवशी सगळे घरी असतात. पुढं दिवाळीच्या आसपास टोळ्या हलल्या की आई-अप्पा थेट उन्हाळ्यातच परत. म्हणून पूजा झाली की मामा सगळ्यांना ओट्यावर उभं करतात आणि त्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढतात. हे फोटो स्टुडिओच्या भिंतीवर ओळीनं लावलेले आहेत. पहिल्यात मी आईच्या कडेवर आहे. त्या ओळीत एकही वर्ष सुटलेलं नाही. नव्या फोटोसाठी मामा खिळा आधीच ठोकून ठेवतात.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या विभागानं जुन्या यंत्रांचं प्रदर्शन ठेवलं. प्रत्येकानं घरातलं एक जुनं यंत्र आणायचं आणि चालवून दाखवायचं. मुलांनी आजोबांचे रेडिओ आणले, कुणी टाइपरायटर आणला. आमच्या घरात जुनं म्हणजे कोयता, आणि त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही असं मला तेव्हा वाटायचं. मग मी मामांकडं कॅमेरा मागितला. मामांनी कॅमेरा उतरवून काच पुसली. मग त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून दिला.

"चालू हाय. रोल काढून घेतलाय. पन एक ध्यानात ठेव माय, खंडेनवमीच्या आत घरी आला पायजे."

सकाळच्या एसटीनं मी नगरला आले. खोलीवर एकदा रोल पुढं सरकवायचा खटका ओढून बटण दाबून पाहिलं, 'टक्' असा छान आवाज आला. दुपारी प्रदर्शनात सरांसमोर खटका ओढून दाबलं, तर काहीच नाही. पुन्हा दाबलं. मेल्यासारखा. मी म्हटलं, "सर, सकाळी चालत होता." मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळी आम्ही पण चालतो." सगळे हसले, सरही थोडे हसले. मला कॅमेऱ्यापेक्षा त्या रिकाम्या खिळ्याची जास्त भीती वाटली.

संध्याकाळी काकांनी रजिस्टर उघडलं.

"लक्षण सांगा."

"बटण दाबलं की आवाज येत नाही."

"कधीच नाही?"

"सकाळी आला होता."

"तेव्हा तुम्ही उभ्या होतात की बसलेल्या?"

"उभी होते. एसटीतून उतरून नुकतीच आले होते."

"एसटीनं आणला?" काकांचे डोळे चमकले. त्यांनी ते लिहून घेतलं.

हा कॅमेरा बॅटरीशिवाय अजिबात चालत नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं. बॅटरी म्हणजे बोराएवढी, तळाला एका गोल झाकणाखाली बसते. झाकणाला मधोमध खाच असते, त्यात नाणं घालून फिरवायचं. ते झाकण मीच उघडलं. आणि झाकणाच्या आट्यांमध्ये काहीतरी लालसर बसलेलं मला दिसलं. ते काय आहे हे मला बघताक्षणी कळलं.

पूजेच्या दिवशी कॅमेरा उलटा धरायचं काम लहानपणापासून माझं होतं. मामांचं म्हणणं असं, की पुढं काच आहे, तिला कुंकू लागू द्यायचं नाही. वर आकड्यांच्या चकत्या आहेत, त्यांनाही नको. म्हणून मी दोन्ही हातांनी कॅमेरा उलटा धरायची आणि मामा पाण्यात बोट बुडवून, कुंकवात टेकवून, त्या गोल झाकणाच्या बरोबर मध्यावर टिळा लावायचे. वर दोन अक्षता. ते झाकण कपाळासारखंच दिसतं. दरवर्षी एक टिळा.

मी तोंड उघडलं होतं. पण 'कुंकवानं झालं असेल' हे तर निदान झालं, आणि निदान सांगायचं नसतं. म्हणून मी गप्प बसले. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण दुसरं होतं, ते पुढं येईल.

काकांनी झाकण बाजूला रुमालावर ठेवलं आणि बॅटरीला मीटर लावलं. काटा झपकन वर गेला. बॅटरी उत्तम. तरी नवी आणली; तेच. आतल्या स्प्रिंगा पाहिल्या, चकचकीत. मग काका म्हणाले, "लक्षण पुन्हा घडवून आणल्याशिवाय तपास पुढं जात नाही. एसटीत काय होतं? हादरे बसतात. चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसले, मांडीवर कॅमेरा. सावेडीतल्या आतल्या रस्त्यांवर किती स्पीडब्रेकर आहेत ते मला त्या दिवशी कळलं. काका एकही चुकवत नव्हते. उलट त्याच्या आधी वेग वाढवत होते. प्रत्येक धक्क्यानंतर मी खटका ओढून बटण दाबायचं आणि ओरडून सांगायचं.

"काय?"

"नाही."

धाडकन.

"आता?"

"वाजला."

"किती वेळ वाजतोय ते बघ. बघत राहा."

"वाजला. वाजला. नाही."

एका चौकात फिरायला निघालेले एक आजोबा आडवे आले. "चॅनलवाले का? इकडचा पण फोटो काढा. आमचं गटार तुंबलंय."

काकांनी स्कूटर थांबवली. "तुंबलंय हे निदान झालं. तुम्हाला दिसतंय काय?"

आजोबा म्हणाले, "मला तर तुम्ही दिसताय."

काका इतके हसले की स्कूटर बंद पडली. तिला मात्र त्यांनी नंबर दिला नाही, लाथ मारली.

घरी आल्यावर त्यांनी तपासाच्या रकान्यात लिहिलं, 'हादऱ्यानं जुळतो, स्थिर झाला की तुटतो. कुठंतरी सांधा नीट टेकत नाही.' हे निदान अगदी बरोबर होतं. फक्त सांधा कुठला, एवढंच शोधायचं होतं. आणि इथं काकांचा तोल गेला. त्यांचाच नियम होता, आधी बाहेरचं तपासायचं, मग आतलं. पण इतका जुना, सुबक कॅमेरा त्यांनी आयुष्यात आतून पाहिला नव्हता. वरचं आवरण काढायची त्यांना लहान मुलासारखी घाई झाली.

स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यांनी काकूंचा मिसळणाचा डबा रिकामा करून घेतला. सात वाट्या, सात जागचे स्क्रू. मोहरीच्या वाटीत वरचे, जिऱ्याच्या वाटीत बाजूचे, आणि हळदीच्या वाटीत ते बॅटरीचं झाकण. काकू म्हणाल्या, "आणि आमटीत स्क्रू सापडला तर तक्रार कुणाकडं करायची?"

"लक्षण सांगा," काका भिंगातून मान वर न करता म्हणाले.

"दात पडला."

चार दिवस गेले. काका केसासारख्या बारीक वायरी एकेक करून मीटरनं तपासत होते. मी कॉलेजमधून आले की आधी त्यांच्या टेबलाकडं बघायची. काटा प्रत्येक वेळी छान हलायचा. काकांचा चेहरा मात्र उतरत चालला. "सगळं चांगलंय," ते म्हणायचे, "हेच वाईट आहे." रोज मी ठरवायची की आज सांगायचं, रोज वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाला ते लाल दिसलं नसेल का? त्यांना चालत असेल, तर मी कोण? चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "मामांना कळवून ठेवूया का?" खंडेनवमी परवावर आली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी डब्यात बघत राहिले.

त्याच वेळी काकू डबा मागायला आल्या. नवरात्रात त्यांना फोडणी अशी चार दिवस स्टीलच्या पेल्यांतून करावी लागत होती. त्यांनी हळदीची वाटी उचलली, झाकण बोटांनी फिरवून पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "ह्याला कुंकू कुणी फासलं?"

काका म्हणाले, "तो गंज आहे."

"गंज असा असतो होय? हे बघा, लाल आणि त्याखाली हिरवं. तांब्याच्या ताम्हनात ओलं कुंकू राहिलं की असंच हिरवं धरतं. मी दर शुक्रवारी चिंच लावून घासते. हे तर वर्षानुवर्षं साचलंय."

काकांनी झाकण खिडकीपाशी नेलं. मग मीटरची एक टोचणी झाकणाच्या मध्यावर आणि दुसरी आट्यांवर टेकवली. काटा हलला नाही. त्यांनी झाकण टेबलावर हलकेच आपटलं; काटा उडाला आणि हळूहळू परत खाली आला.

"झाकण म्हणून बाजूला ठेवलं," काका स्वतःशीच म्हणाले. "अरे, हे झाकण नाहीच. ही वायर आहे. बॅटरीची वीज ह्याच्यातूनच कॅमेऱ्यात जाते. चार दिवस मी सगळ्या वायरी मोजल्या, आणि ही हळदीच्या वाटीत."

मी म्हटलं, "काका, मला दिसलं होतं."

"काय?"

"कुंकू. पहिल्याच दिवशी. मला माहीत होतं ते कुंकू आहे. मामा लावतात. मीच कॅमेरा धरते."

काकू थांबल्या. काकांनी मीटर ठेवलं आणि शांतपणे रजिस्टर ओढून घेतलं. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील.

"तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुम्ही म्हणता निदान सांगायचं नाही."

"हं. आणि?"

"आणि..." मी त्या झाकणाकडं बघत म्हटलं, "तुम्ही हसाल असं वाटलं. आमच्याकडं मशिनला हळदकुंकू लावतात, म्हणून ते बंद पडलं. मामांना अडाणी म्हणाल असं वाटलं. मामा अडाणी नाहीत. काच खराब होऊ नये म्हणून तर ते खाली लावतात."

काकांनी रजिस्टर मिटलं. त्यांनी मीटर उचललं, माझ्या कानाजवळ आणलं आणि हलवलं. खुळखुळ.

"काय आहे सांग."

"मला... निदान सांगू?"

"सांग."

"माहीत नाही."

"अक्षता," काका म्हणाले. "तांदळाचा दाणा. माझ्या नोकरीतल्या पहिल्या खंडेनवमीला मीच वाहिला होता, फटीतून आत गेला. चाळीस वर्षं खुळखुळतोय. एवढे बिघाड काढले, पण हा काढला नाही." त्यांनी मीटरला पुन्हा लोकरीचं कव्हर चढवलं. "आता तुझ्या मामांना हसण्याआधी मला स्वतःलाच हसावं लागेल."

काकू आधीच हसायला लागल्या होत्या. मग मीही हसले, पण नाक ओढत.

बाकी काम अर्ध्या तासाचं होतं. कापसाला व्हिनेगर लावून आटे पुसले, जुन्या टूथब्रशनं घासले, मग स्पिरिट, मग खोडरबर. झाकणाखालून पितळ वर आलं, नव्या घंटेसारखं. काकांनी वरचं आवरण बसवलं. एकही स्क्रू उरला नाही, ह्याचं श्रेय काकूंनी डब्याला दिलं. काका म्हणाले, "दाब."

टक्.

त्यांनी मला पन्नास वेळा दाबायला लावलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास वेळा. "चाललं असं एकदा आवाज आल्यावर म्हणायचं नाही. रात्र काढली तर म्हणायचं." त्याच दिवशी संध्याकाळी ते पट्टी घेऊन बसले आणि रजिस्टरच्या उरलेल्या प्रत्येक पानावर एक नवा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'आणखी काही?'

"हा रकाना पहिल्या दिवसापासून पाहिजे होता," ते म्हणाले. "ग्राहकाला विचारायचंच राहिलं."

काकू म्हणाल्या, "मी लिहू? मला पानं पुरायची नाहीत."

मी पाहिलं, तक्रारीत 'कारण' हा रकाना मात्र रिकामा होता. मी विचारलं तर काका म्हणाले, "कारण ग्राहकासमोर लिहायचं असतं. ग्राहक तू नाहीस, मामा आहेत. आणि लिहायचं तू, कारण तुला आधी माहीत होतं."

ह्याचा अर्थ मला खंडेनवमीच्या सकाळी कळला. काका आणि काकू दोघंही इस्त्रीचे कपडे घालून स्टँडवर माझ्याआधी हजर होते. काकांच्या पिशवीत रजिस्टर आणि मीटर. तक्रार ग्राहकाच्या सहीशिवाय बंद होत नाही, आणि सही घरी जाऊन घ्यायची असते.

घरी पाट मांडलेला होता. कोयते धुऊन पुसून ठेवले होते. आई ओट्यावर झेंडूच्या माळा करत होती, अप्पा आंब्याची डहाळी घेऊन नुकतेच आले होते. मामांनी कॅमेरा हातात घेतला, बटण दाबलं. टक्. त्यांचा चेहरा खुलला.

"म्हनलं न्हवतं का, चालूच हाय."

इथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मामांना काही कळलंच नव्हतं. काकांनी पिशवीतून रजिस्टर काढलं, पेन माझ्या हातात दिलं आणि झेंडूच्या फुलांकडं बघत बसले. मामांनी पाण्याच्या वाटीत बोट बुडवलं. नेहमीप्रमाणे मला म्हणाले, "धर गं उलटा."

"मामा, थांबा," मी म्हटलं. "मधी तो बंद पडला होता. कुंकवानं पडला. आपण खाली टिळा लावतो ना, ते झाकण नाही. त्याच्यातून बॅटरीची वीज जाते. कुंकू आट्यांत बसून वीज अडली होती. मला आधीपासून माहीत होतं आणि मी चार दिवस सांगितलं नाही."

मामांचं ओलं बोट तसंच राहिलं. त्यावरून एक थेंब पाटावर पडला.

"म्हंजी मीच बंद पाडला व्हय?"

"आपण दोघांनी," मी म्हटलं. "धरला मी होता."

मामांनी काकांकडं पाहिलं. काकांनी कव्हर काढून मीटर त्यांच्या कानाजवळ नेलं आणि हलवलं. "ऐका. अक्षता आहे. माझ्याच हातची."

मामांनी दोनदा ऐकलं. मग मीटर स्वतःच्या हातात घेऊन तिसऱ्यांदा हलवलं. आणि मग ते असे हसले की आत देवापाशी बसलेली मामी बाहेर आली.

"पन साहेब," हसू आवरल्यावर मामा म्हणाले, "आता टिळा लावायचा कुठं? बिनटिळ्याचा तर न्हाई ठेवायचा."

हा प्रश्न काकांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यांनी कॅमेरा चहूबाजूंनी फिरवून पाहिला. इथं काच, तिथं फट, मागं दार. ते खरोखर अडले.

आई माळ ओवता ओवता म्हणाली, "त्याच्यात काय एवढं. आमी काय कोयत्याच्या धारंला कुकू लावतो व्हय? मुठीला लावतो, जिथं धरायचं तिथं. ह्याला पट्टा हाय न्हवं? पट्ट्याला लावा."

काकांनी आईकडं बघितलं, जसं ते मीटरचा काटा बरोबर जागी गेला की बघायचे तसं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लिहून घे. हे रजिस्टरला पाहिजे."

मी 'कारण' रकान्यात लिहिलं, 'बॅटरीच्या झाकणात कुंकू, दोघांनी लावलेलं.' मामांनी चष्मा लावून वाचलं आणि खाली सही केली. शेवटच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हितं काय लिव्हायचं?"

"तुम्हाला आणखी काही सांगायचं असेल तर."

मामांनी विचार करून सावकाश लिहिलं, 'जेवून जाणे.'

पट्ट्याला टिळा लागला, रोल भरला, आणि मामांनी सगळ्यांना ओट्यावर उभं केलं. काका-काकू बाजूला सरकत होते, तर अप्पांनी काकांचा दंड धरून त्यांना मधे घेतलं. मामांनी डोळा लावला. खूप वेळ लावून धरला, नेहमीसारखा. मग आवाज आला, स्वच्छ, एकच.

"वाजला," मामा कॅमेऱ्यामागून म्हणाले.

आता मी पुण्याला असते. दर वर्षी खंडेनवमीला घरी गेले की स्टुडिओत त्या ओळीसमोर उभी राहते. त्या वर्षीच्या खिळ्यावर तो फोटो आहे. आई हसतेय, अप्पा ताठ उभे आहेत, काकूंचा पदर वाऱ्यानं उडालाय. मी कॅमेऱ्याकडं न बघता शेजारी बघतेय. आणि माझ्या शेजारी काका आहेत: डोळे घट्ट मिटलेले, मान किंचित वाकडी, उजवा कान पुढं केलेला. सगळे फोटोसाठी उभे आहेत, ते एकटे आवाजासाठी.